एक कॉम्प्युटर चालू झाला की अख्ख्या घराचं नेट बसतं. नेमकं काय तपासायचं?

माडीवरची
घर अमळनेरला, तळमजला आणि माडी, माणसं नऊ. फायबरचं एकच कनेक्शन, १०० एमबीपीएसचा प्लॅन. राउटर खाली ओसरीत. मागच्या खोलीत भाऊजींचा कॉम्प्युटर (लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम एडिट करतात), विंडोज ११, यूएसबीचं वाय-फाय डोंगल. वर माझा लॅपटॉप. शिवाय टीव्ही आणि सगळ्यांचे मोबाइल.

भाऊजींचा कॉम्प्युटर बंद असताना स्पीड टेस्ट: डाउनलोड ९४, अपलोड ९.६, पिंग ११. तो चालू करून दहा मिनिटांनी तीच टेस्ट: डाउनलोड ७, अपलोड ०.५, पिंग ७४०. टीव्हीवर चक्री फिरत राहते, मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो, मोबाइलवर पेमेंटचं साधं पान उघडत नाही. कॉम्प्युटर बंद केला की अर्ध्या मिनिटात सगळं सुरळीत.

आतापर्यंत केलेले उपाय: राउटर बदलला. राउटर बंद-चालू केला तर पाच-सात मिनिटं बरं चालतं. कॉम्प्युटर फॉरमॅट मारला, दोन दिवस छान, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अँटिव्हायरसला काही सापडलं नाही. भाऊजींचं म्हणणं, "मी त्या वेळी नेट उघडतच नाही, एडिटिंग करतो." कनेक्शनवाल्याचं म्हणणं, २०० चा प्लॅन घ्या. घ्यावा का?


तारजोड_जळगाव
ताई, प्लॅन वाढवू नका, पुन्हा फॉरमॅटही नको. आधी कोंडी कुठे होतेय ते बघू. जागा दोनच असतात. एक, राउटरमधून बाहेर जाणारी लाइन. दोन, घरातल्या घरात, म्हणजे वाय-फाय किंवा केबल. वरून लक्षण सारखंच दिसतं, औषध मात्र अगदी वेगळं.

वरच्या लॅपटॉपवर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. (कमांड इंग्रजी अक्षरांतच टाकायच्या, मी इथे देवनागरीत लिहितोय एवढंच.) आधी 'आयपीकॉन्फिग'. त्यात 'डीफॉल्ट गेटवे'समोर दिसेल तो तुमच्या राउटरचा पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१. आता दोन खिडक्या शेजारी-शेजारी ठेवा (पिंग म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, आणि ८.८.८.८ हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर):

पहिलीत: पिंग १९२.१६८.१.१ -टी
दुसरीत: पिंग ८.८.८.८ -टी

भाऊजींचा कॉम्प्युटर बंद असताना पाच मिनिटं चालू द्या. मग तो चालू करायला सांगा आणि पंधरा मिनिटं आकडे बघत बसा. थांबवायला कंट्रोल आणि सी.

राउटरचं पिंग १ ते ५ मिलिसेकंदांवर स्थिर आणि फक्त ८.८.८.८ शेकड्यांत गेलं, तर बाहेरची लाइन तुंबलीय. राउटरचंच पिंग उड्या मारू लागलं, तर दोष हवेत नाहीतर तारेत. दोन्हीकडे एकदम 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, तर तिसरंच काही आहे, त्यावर मग बोलू.

त्याच वेळी भाऊजींच्या कॉम्प्युटरवर विंडोजची कळ आणि आर दाबून 'रेसमॉन' टाका. रिसोर्स मॉनिटर उघडेल, त्यात नेटवर्कचा टॅब. 'सेंड' या स्तंभाच्या डोक्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त पाठवणारा प्रोग्राम वर येतो. लक्ष 'सेंड'वर ठेवा, 'रिसीव्ह'वर नाही. टास्क मॅनेजर दोन्ही एकत्र करून दाखवतो, म्हणून तिथे बघून हे कळत नाही.

माझा अंदाज अपलोडवर आहे. पिंग ११ वरून ७४० झालं आणि डाउनलोड कुणी फारसं वापरत नसताना ९४ चं ७ झालं, ही त्याचीच खूण.


खटका
२०० चा प्लॅन घ्या आणि मोकळ्या व्हा. नऊ माणसांना १०० कसं पुरणार?


तारजोड_जळगाव
@खटका आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ९४ पर्यंत डाउनलोड मिळतंय आणि तो कॉम्प्युटर बंद असला की बाकी आठ माणसं सुखात आहेत. डाउनलोड कमी पडत नाहीये. २०० च्या प्लॅनमध्ये अपलोड दहाच राहिलं तर काडीचा फरक पडणार नाही. अपलोडही दुप्पट झालं तरी पाठवणारा प्रोग्राम तेवढंही खाऊन टाकेल, फक्त त्याचं काम लवकर संपेल. शिवाय ९४ हा आकडा १०० एमबीपीएसच्या पोर्टचीही खूण असतो, शंभरच्या इथरनेटवर प्रत्यक्षात तेवढंच निघतं. मधला एखादा पोर्ट किंवा केबल शंभरचीच निघाली, तर २०० चे पैसे भरूनही ९४ च दिसेल.


माडीवरची
केलं. राउटरचं पिंग २ ते ४, जवळजवळ स्थिर. ८.८.८.८ आधी १२-१३ होतं, कॉम्प्युटर चालू झाल्यावर सहा-सात मिनिटांत ७०० ते ८५० वर. हे सकाळी अकराला. दुपारी तीनला पुन्हा बघितलं तर राउटरचंच पिंग ८० ते १५० असं उड्या मारत होतं, मधूनच टाइम्ड आउट.

रेसमॉनमध्ये सगळ्यात वर क्लाउड ड्राइव्हच्या सिंकचा प्रोग्राम आहे, 'सेंड' ११,५०,००० च्या आसपास, हलतच नाही. त्याखाली 'एसव्हीसीहोस्ट', मधूनमधून ४०-५० हजार. भाऊजी म्हणतात, फक्त तयार फाइल पार्टीला पाठवायला ड्राइव्ह ठेवलाय.


तारजोड_जळगाव
सापडला. रेसमॉनमधला आकडा सेकंदाला बाइटमध्ये असतो आणि लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात. ११,५०,००० गुणिले ८ म्हणजे ९२ लाख बिट, ९.२ एमबीपीएस. तुमचं एकूण अपलोड ९.६. बाकी घराला उरलं किती ते तुम्हीच बघा.

अपलोड भरल्यावर डाउनलोड का मरतं, हे समजलं की पुढचे उपाय समजतात. तुम्ही काहीही डाउनलोड करता तेव्हा तुमच्या बाजूने 'मिळालं, पुढचं पाठवा' अशा छोट्या पावत्या सतत परत जात असतात. त्या अपलोडच्या वाटेनेच जातात. जिनिंगच्या वजनकाट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की मागून सायकलवर नुसती चिठ्ठी घेऊन आलेला माणूसही त्याच रांगेत अडकतो, तसं होतं. पावती वेळेवर पोचली नाही तर समोरचा सर्व्हर पाठवण्याचा वेग कमी करतो. लाइन डाउनलोडला रिकामी असूनही तुम्हाला ७ च मिळतं.

रांग किती लांब आहे तेही काढता येतं. ०.७४ सेकंद गुणिले ९.६ एमबीपीएस म्हणजे साधारण ७१ लाख बिट, जवळजवळ ९०० केबी. एवढा माल तुमच्या फायबरच्या डब्यात कायम थांबून असतो, आणि तुमच्या मीटिंगचा प्रत्येक तुकडा त्याच्या मागे उभा राहतो. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हे नाव रूढ केलं. राउटर नवा आणला तरी हा प्रकार जात नाही, डब्यात मेमरी भरपूर असली तर उलट रांग आणखी वाढते.

आता तुमची दोन कोडी. राउटर बंद-चालू केल्यावर पाच-सात मिनिटं का बरी जातात? जोडणी तुटली की सिंकचा प्रोग्राम थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो, लगेच पूर्ण वेगाने सुरू होत नाही. फॉरमॅटनंतर दोन दिवस का बरे गेले? तोवर ड्राइव्ह पुन्हा टाकून लॉगिन झालेलं नसणार.

"फक्त तयार फाइल" हे मात्र तपासा. सिंकला नेमका कोणता फोल्डर लावलाय? अख्खा प्रोजेक्टचा फोल्डर असेल तर तठेच घोळ शे. एडिटिंग सॉफ्टवेअर काम चालू असताना प्रिव्ह्यूच्या फाइल, मीडिया कॅशे, दर काही मिनिटांनी ऑटोसेव्ह असं सतत लिहीत असतं. सिंकवाल्याला यातलं कामाचं काय आणि केर कुठला ते कळत नाही, तो सगळंच वर पाठवतो. म्हणजे भाऊजी खरंच नेट वापरत नाहीत, त्यांचं टाइमलाइन हलवणंच अपलोड होतंय.

करायचं ते असं:

एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅशेची जागा आणि प्रोजेक्ट सेटिंगमध्ये स्क्रॅच डिस्कची (तात्पुरत्या फाइल ठेवायची) जागा बदला. सिंकच्या बाहेर डी ड्राइव्हवर 'कॅशे' नावाचा वेगळा फोल्डर करा. चालू प्रोजेक्टही बाहेरच. सिंकमध्ये एकच फोल्डर, 'डिलिव्हरी', त्यात फक्त शेवटची तयार फाइल. फोल्डर हलवताना आधी सिंक थांबवा (पॉज), मग हलवा. नाहीतर 'डिलीट झालं' समजून क्लाउडवरचंही उडवेल, आणि ते बिनमधून परत काढत बसावं लागेल.

मग वेगाला लगाम. गूगल ड्राइव्ह असेल तर त्याच्या चिन्हावर क्लिक, दातेरी चाक, प्रेफरन्सेस, पुन्हा दातेरी चाक, तिथे बँडविड्थच्या सेटिंगमध्ये अपलोड रेट. वनड्राइव्ह असेल तर सेटिंगमध्ये सिंक अँड बॅकअप, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे अपलोडची मर्यादा. दोन्हीकडे आकडा सेकंदाला किलोबाइटमध्ये मागतात, इथेच बरेच जण चुकतात. '५०००' टाकून '५ एमबीपीएस केलं' म्हणतात, ते होतं ४० एमबीपीएस, म्हणजे मर्यादा नसल्यासारखंच. तुम्ही ५०० टाका, ४ एमबीपीएस होतील.

खाली मधूनमधून दिसणारं एसव्हीसीहोस्ट बहुधा विंडोज अपडेटचं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन असेल. सेटिंगवरून ते बाहेरच्या लोकांच्या कॉम्प्युटरनासुद्धा अपडेटचे तुकडे पाठवू शकतं. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. दुसऱ्या कॉम्प्युटरकडून घेण्याची परवानगी बंद, किंवा फक्त घरच्या नेटवर्कपुरती.


बोरीकाठ
तारजोडभाऊंनी बाहेरच्या लाइनचं सांगितलं, ते बरोबरच. पण दुपारी तीनला राउटरचंच पिंग उडतंय, हा दुसरा आजार आहे. सिंकचा लगाम लावला तरी तो पूर्ण जाणार नाही. ताई, तीन गोष्टी सांगा: डोंगल कोणतं (डब्यावर १५० लिहिलंय का), ते कॉम्प्युटरला कुठे लावलंय, आणि मागच्या खोलीत कूलर कुठे आहे?


माडीवरची
डोंगल १५० चंच, छोटं, बोटाच्या पेराएवढं. कॅबिनेटच्या मागे, बाहेरच्या हार्डडिस्कच्या शेजारच्या पोर्टमध्ये. कूलर मागच्या खोलीच्या दारात, पत्र्याचा मोठा. एप्रिल ते जून तो तिथून हलतच नाही. राउटर आणि कॉम्प्युटर यांच्या बरोबर मध्ये येतो. माझा लॅपटॉप २.४ वर असतो, स्लॅबमुळे ५ गिगाहर्ट्झ वर नीट येत नाही.


बोरीकाठ
वाटलंच. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात वाय-फायच्या निम्म्या तक्रारी कूलरपाशी येऊन थांबतात. पत्र्याचं अंग लहर परतवतं, आणि टाकीतलं पाणी व ओल्या जाळ्या २.४ गिगाहर्ट्झ शोषतात. सकाळी अकराला कूलर कोरडा होता, तीनला भरून चालू असणार. (जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या जाडजूड भिंतीही हेच करतात, फक्त बाराही महिने.)

भाऊजींच्या कॉम्प्युटरवर सीएमडीत 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' टाका. त्यात सिग्नल टक्क्यांत आणि 'ट्रान्समिट रेट' एमबीपीएसमध्ये दिसेल. एकदा कूलर बंद असताना, एकदा चालू असताना.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. वाय-फायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलतो, आणि प्रत्येकाला साधारण सारखी संधी मिळते. संधी सारखी, वेळ सारखा नव्हे. तुमचा लॅपटॉप ६५ च्या वेगाने एक तुकडा पाठवतो, त्याला समजा एक भाग वेळ लागला. डोंगल १३ वर घसरलं असेल तर तेवढ्याच तुकड्याला पाच भाग लागतात. दोघं आळीपाळीने बोलले की सहापैकी पाच भाग वेळ डोंगलचाच. ६.५ वर घसरलं तर अकरापैकी दहा. लांबचा आणि हळू बोलणारा एकच सभासद सगळी सभा खातो. म्हणून मोबाइलवर सिग्नलच्या चारही काड्या असतात आणि नेट मात्र चालत नाही.

दुसरं, ते डोंगल आत्ताच्या आत्ता हार्डडिस्कपासून लांब करा. यूएसबी ३ ची जोडणी चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर सोडते, इंटेलनेच २०१२ साली त्यावर टिपण काढलं होतं. भाऊजी हार्डडिस्कवर फाइल काढायला लागले की डोंगल बहिरं होतं. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या, यूएसबी २ ची असली तरी चालेल, आणि डोंगल टेबलाच्या वर, राउटरच्या दिशेला टांगा.

राउटरमध्ये २.४ चा चॅनेल 'ऑटो'वरून काढून १, ६ किंवा ११ यांपैकी शेजारपाजारी कमी गर्दीचा निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवल्याने कागदावर १५० दिसतं, आणि गल्लीत शेजाऱ्यांचे दहा राउटर असले की प्रत्यक्षात कमीच मिळतं.

पण खरा उपाय केबल. जो कॉम्प्युटर जागचा हलत नाही आणि रोज जीबी-जीबी माल ओढतो, तो वाय-फायवर ठेवूच नये. तो तारेवर गेला की हवा बाकीच्यांना मोकळी.


खटका
बरं, प्लॅनचं मागे घेतो. पण व्हायरसचं काय? एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर क्रॅक सॉफ्टवेअर असतंच असतं.


भुसावळ_यार्ड
@खटका शंका रास्त आहे, पण क्रम उलटा नको. इथे पाठवणारा प्रोग्राम नावानिशी सापडलाय. रेसमॉनमध्ये ओळखीचं नसलेलं नाव वर असतं आणि खाली 'टीसीपी कनेक्शन्स'मध्ये त्याच्या नावावर वेगवेगळ्या देशांतले शेकडो पत्ते दिसले असते, तर मीही व्हायरसच म्हणालो असतो. क्रॅकसोबत येणारे काही प्रोग्राम तुमची लाइन दुसऱ्यांना वापरायला देतात, त्यांची खूण हीच. तेव्हा विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, तिथे ऑफलाइन स्कॅन. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटांत होतं. विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतं, म्हणून लपलेलंही सापडण्याची शक्यता वाढते. टॉरेंटही असंच, अपलोड फार नसलं तरी शेकडो जोडण्या उघडतं आणि स्वस्त राउटरची जोडण्यांची वही भरून जाते. तिथे एकूण जोडण्या १०० वर आणायच्या.

हा धागा नंतर कुणी शोधत येईल, म्हणून तारजोडभाऊंचा तिसरा प्रकार, जिथे दोन्ही पिंग एकदम मरतात, तोही लिहून ठेवतो.

कॉम्प्युटर चालू होताच सगळ्यांचं नेट पूर्ण बंद: त्याचा आयपी हाताने टाकलेला असतो आणि तो नेमका राउटरचाच, १९२.१६८.१.१. दुसऱ्या कॉम्प्युटरवर 'एआरपी -ए' बघा. राउटरच्या आयपीसमोरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक), तो कॉम्प्युटर चालू असताना आणि बंद असताना वेगवेगळा आला तर हेच. आयपी 'ऑटोमॅटिक' करा, विषय संपला.

कॉम्प्युटर स्लीपमध्ये गेला किंवा हँग झाला की सगळ्यांचं नेट बंद, आणि केबल उपटली की चालू: नेटवर्क कार्ड स्विचला सतत 'थांबा, थांबा' असे संदेश पाठवत बसतं. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स, कार्डावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे 'फ्लो कंट्रोल' डिसेबल्ड. ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा टाका, विंडोजने आपोआप दिलेला पुरेसा असेलच असं नाही.

सगळ्या पोर्टचे दिवे एकसारखे वेड्यासारखे लुकलुकतात: कुणीतरी केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचला लावलीत, किंवा कॉम्प्युटरमध्ये वाय-फाय आणि केबल 'ब्रिज' करून ठेवलंय. ब्रिज काढा.


माडीवरची
सगळ्यांचे आभार. कॅशे आणि प्रोजेक्ट बाहेर काढले (खरंच अख्खा प्रोजेक्टचा फोल्डर सिंकला होता, २१० जीबी), अपलोडला ५०० ची मर्यादा, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन बंद. आता ८.८.८.८ चं पिंग १४ ते २५ आणि डाउनलोड ९०. नेटश: कूलर बंद असताना सिग्नल ६४ टक्के आणि रेट ६५. चालू असताना सिग्नल ३० आणि रेट १३.

दोन शंका. एक, भाऊजी कधीकधी ब्राउझरमधूनच पार्टीला मोठी फाइल पाठवतात, ४० जीबीपर्यंत. तिथे मर्यादा कुठे लावायची? दोन, केबल कोणती आणि कशी? राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत चौकातून मोजलं तर १८ मीटर, त्यात पाच-सहा मीटर उघड्यावर, उन्हात.


तारजोड_जळगाव
ब्राउझरला लगाम नसतो, म्हणून तो राउटरमध्ये लावायचा. तुमच्या राउटरच्या पानावर 'बँडविड्थ कंट्रोल' किंवा 'क्यूओएस' आहे का बघा. असेल तर आधी अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशनमध्ये भाऊजींच्या कॉम्प्युटरला कायमचा आयपी द्या, मग त्या आयपीला अपलोड ६००० केबीपीएस. इथे मात्र किलोबिट असतात, ड्राइव्हसारखे किलोबाइट नव्हेत. एकूण लाइनचा वेग विचारला तर प्लॅनचा आकडा टाकू नका, मोजलेल्यापेक्षा थोडा कमी टाका.

याहून चांगला मार्ग म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर) चालणारा राउटर आणि त्यात एसक्यूएम, म्हणजे रांगा सांभाळणारी सोय. त्यात प्रत्येक जोडणीची वेगळी रांग होते आणि आलटून-पालटून सगळ्यांना सोडतात. चिठ्ठीवाल्याला कापसाच्या गाड्यांमागे थांबावं लागत नाही. त्यातल्या एफक्यू-कोडेलची पद्धत २०१८ साली आरएफसी ८२९० म्हणून नोंदली गेली, नवीन प्रकार 'केक', मी तोच निवडतो. मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्के द्यायचे: अपलोडला ८५०० केबीपीएस, डाउनलोडला ८५०००. कमी का, तर रांग फायबरच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागली पाहिजे, तिथेच ती हाताळता येते. मग अपलोड चालू ठेवून ५००-५०० ने वाढवत न्या. पिंग ३० च्या वर चढलं की एक पाऊल मागे. 'हार्डवेअर ऑफलोडिंग' चालू असेल तर बंद करा, नाहीतर माल एसक्यूएमला वळसा घालून निघून जातो आणि तुम्ही आकडे बदलत बसता. कनेक्शनवाल्याचा डबा ब्रिज मोडमध्ये (म्हणजे तो नुसती लाइन पुढे देईल, राउटरचं काम करणार नाही) टाकून मागे हा राउटर लावावा लागेल, तेवढं त्याच्याकडून करून घ्या.

४० जीबीचं गणित भाऊजींना दाखवा. ४० जीबी म्हणजे ३,२०,००० मेगाबिट. ८ एमबीपीएसने ४०,००० सेकंद, अकरा तासांहून जास्त. रात्री अकराला लावलं तर सकाळी दहा वाजून जातात, आणि मध्ये लाइट गेली तर ब्राउझरमधलं बहुतेक वेळा पहिल्यापासून. तीच फाइल ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर घालून अमळनेरहून जळगावच्या गाडीत कुणाच्या हाती दिली, तासाभराचा प्रवास धरला, तर वेग पडतो ८९ एमबीपीएस. जळगावातल्या पार्टीला तरी अपलोड करू नका.


बोरीकाठ
केबल कॅट ६, शुद्ध तांब्याची. खोक्यावर 'सीसीए' लिहिलं असेल तर घेऊ नका, ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. रोध जास्त आणि वाकवली की आतून तुटते. १८ मीटर मोजलंय तर २२ घ्या, दोन्ही टोकांना एक-एक मीटर राखून. मर्यादा १०० मीटरची, ती चिंता नाही.

उघड्यावरच्या भागाला काळ्या पॉलिइथिलीन आवरणाची, बाहेर वापरायची केबल. घरातली पांढरी-करडी पीव्हीसीची केबल आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तडकते, आणि पहिल्या पावसात पाणी आत जातं. जोड देऊ नका, पूर्ण तुकडा बाहेरचाच वापरा. विजेच्या वायरच्या पाइपातून नेऊ नका, समांतर जायचंच असेल तर वीतभर तरी अंतर ठेवा. उंदरांचा त्रास असेल तर जमिनीलगत पाइप.

दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खिट्टी खाली आणि तांब्याच्या पट्ट्या आपल्याकडे धरल्या की डावीकडून हा क्रम. निळा हिरव्याच्या जोडीमध्ये घुसलाय हे विचित्र वाटेल, पण तसंच हवं. रंग ओळीने लावले तर तारेची तपासणी पास होते आणि वेगात मात्र मार खाते, कारण पिळलेल्या जोड्या फुटतात.

लावल्यावर सेटिंग्जमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड बघा. १०००/१००० आलं तर उत्तम. १००/१०० आलं तर राउटरचा पोर्ट शंभरचा आहे किंवा निळी-तपकिरी जोडी नीट बसलेली नाही. तुमच्या प्लॅनला तेही चालेल. १० आलं तर टोक कापून पुन्हा बसवा. आणि केबल लावल्यावर डोंगल काढून ठेवा. नुसतं लावलेलं राहिलं तर केबल कधी सुटली की विंडोज गुपचूप त्यावर जातं, आणि पुन्हा हाच प्रश्न विचारायला याल.


माडीवरची
केबल चौकातून खिडकीच्या चौकटीत भोक पाडून आत घ्यायची आहे, कूलरच्या बाजूनेच. पावसाचं पाणी केबलवरून आत येणार नाही ना?


बोरीकाठ
भोक आतून बाहेर उतरतं पाडा, सरळ नको. बाहेरच्या बाजूला केबल भोकाच्या खाली वीतभर लोंबती सोडा आणि मग वर वळवून आत घ्या, पाणी त्या लोंबत्या टोकावरून गळून पडतं. भोक १० मिलिमीटरचं पुरतं. कनेक्टर आत ओढल्यावर बसवा, बसवलेला त्यातून जाणार नाही. फट सिलिकॉनने बुजवा, बाहेरून. कूलर भरायच्या नळीपासून केबल लांब बांधा.